मालनबाईंचा चालगुण

अडतीस.

निवास कक्षाच्या बाबरांनी टॅब्लेट केतकीसमोर धरला तेव्हा लाल चौकटीत फक्त एवढा आकडा होता.

"कुणाचा हा?" केतकीने विचारलं.

"तुमच्या आईंचा. मालन खराडे, वय सत्तर, मलकापूर, एकट्या राहतात. चाळिसाच्या खाली गेल्याला हा तिसरा आठवडा."

तेवढ्यात मालनबाई स्वयंपाकघरातून आल्या. काखेत केतकीची अकरा महिन्यांची लेक सई, दुसऱ्या हातात चहाचे कप मांडलेला ट्रे. वाटेत सईचा खुळखुळा पडला होता. तो त्यांनी अनवाणी पायाच्या अंगठ्याच्या चिमटीत धरला, एका पायावर उभं राहून अलगद सोफ्यावर टाकला आणि चहा बाबरांपुढे ठेवला. कपातला थेंब बशीत सांडला नाही.

"काय म्हणतंय आमचं डबडं?" त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीकडे हनुवटी उडवली. पेटीवर हिरवा दिवा मिणमिणत होता. "शंभरात अडतीस? मग काठावर पास की ओ साहेब! पस्तिसाला पास करतात."

बाबर हसले नाहीत. "मावशी, इथं चाळीस लागतात."

"मग ग्रेस द्या दोन मार्कांची."

केतकीलाही हसू आलं नाही. ती त्या आलेखाकडे बघत होती. फेब्रुवारीत एक्याण्णव. एप्रिलला त्र्याऐंशी. जूनमध्ये सत्तरच्या आसपास, मग सत्तावन्न, सेहेचाळीस, आणि आता हे. दहा महिन्यांची ती रेघ कुंभार्ली घाटासारखी खाली उतरत गेली होती. आणि ती रोज या घरात येत होती. तिला काहीच कसं दिसलं नाही?

सत्तरी गाठलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र निवासाचा दाखला लागायचा, त्याला आता चार वर्षं झाली होती. दाखला असेल तर पेटीतून हाक मारताच दहा मिनिटांत मदत दारात. दाखला गेला की गॅस बंद, मदतीची हमी बंद, आणि पडून काही झालं तर जबाबदारी जवळच्या नातेवाइकाची. दाखला ठरायचा चालीला मिळणाऱ्या गुणांवरून, म्हणजे चालगुणावरून.

त्यात वेडगळ काही नव्हतं. माणूस चालतो तेव्हा नुसते पाय चालत नाहीत. मेंदू हुकूम देतो, तो मणक्यातून खाली उतरतो, आतला कान तोल सांभाळतो, डोळे जमीन जोखतात, तळवा वर निरोप पाठवतो की लागलं बाबा खाली. या साखळीतली एक कडी जरी सैल झाली तरी चालीत फरक पडतो, आणि तो दुखणं उमगायच्या कितीतरी आधी पडतो. पाऊल दोन बोटं आखूड पडतं. एक चवडा जमिनीला घासतो. वळताना एक जादाचं पाऊल लागतं. पूर्वी दवाखान्यात घड्याळ लावून बघायचे. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. पण डॉक्टरसमोर सगळेच ऐटीत चालतात. म्हणून यंत्र घरात आलं. पहिले पंधरा दिवस ते त्या माणसाच्या चालीची ओळख करून घ्यायचं आणि मग फक्त तीच पावलं मोजायचं. आल्यागेल्याची पावलं ते गाळून टाकायचं.

"मला चालायला लावा की," मालनबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर चालते."

त्यांनी सईला केतकीच्या मांडीवर दिलं, खुर्चीत बसल्या, उठल्या, दारापर्यंत गेल्या, दाराशी टांगलेली पितळी घंटा जाता जाता दोनदा वाजवली आणि परत येऊन बसल्या. टिंग टिंग ऐकून सई खिदळली. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या बाई त्या. कराड-चिपळूण गाडीत, घाटाच्या वळणावर, दांडीला हात न लावता तिकिटं फाडायच्या. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या सोबत्यांनी मोडीत निघालेल्या गाडीची ही घंटा पॉलिश करून त्यांना दिली होती.

"आठ सेकंद," बाबर म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. "छानच. पण ताई, ही परीक्षेतली चाल झाली. दहा महिन्यांच्या नोंदीपुढे आठ सेकंद काय करणार? डावा चवडा घासतोय, हे बघा. पाऊल दर महिन्याला आखूड होतंय. आणि संध्याकाळी सहानंतर हालचाल शून्य. तुम्ही सहाला जाता ना?"

"हो."

"तुम्ही गेल्या की मावशी अंथरूण धरतात."

"मी?" मालनबाईंचा आवाज चढला. "सहानंतर मी भाकऱ्या थापते, झाडांना पाणी घालते, शेजारच्या कदमीणबाईशी भांडते! कुणी सांगितलं तुम्हाला अंथरूण धरते म्हणून?"

बाबरांनी केतकीकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला कळला. अशी माणसं कबूल करत नाहीत, असं ती नजर सांगत होती.

*

त्या आठवड्यात केतकी आईवर पाळत ठेवायला लागली.

बाळंतपणानंतरचे तीन महिने ती इथंच होती. मग कामावर रुजू झाली, पण ऑफिसचं काम घरूनच असायचं. त्यामुळे रोज सकाळी नऊला सईला घेऊन विद्यानगरहून मलकापूरला यायचं, बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा आणि आईच्या हातचं जेवायचं, असं चाललं होतं. आता लॅपटॉपवर डोळे आणि कान आईच्या पावलांकडे. पण अनवाणी पावलांचा आवाज येतो कुठं? आईने घरात कधी काही पायात घातलंच नव्हतं. "अठ्ठावीस वर्षं बुटात पाय शिजलं. आता मोकळं राहू देत," असं ती म्हणायची.

उलट आईच तिला टोकायची. "पाय उचलून टाक की गं. फराफरा वाजतंय. नवीकोरी सपाता झिजवलीस."

"झोप कुठं होते आई? रात्री चारदा उठते मी." आणि ते खरंच होतं. कंबर ठणकायची. डाव्या तळपायाला मुंग्या यायच्या. बाळंतपणात कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्याचं असतं वर्षभर, असं सगळ्याच म्हणायच्या. परवा उंबऱ्याला अडखळली तेव्हा सई कडेवर नव्हती, हेच नशीब.

आईच्या चालीत काही सापडेना. पण म्हणून केतकीचा जीव थाऱ्यावर आला असं नाही. उलट तिला वाटायला लागलं की आई आपल्यासमोर नीट चालून दाखवते आहे. सहा वाजेपर्यंत जीव काढून तोल सांभाळायचा आणि मी गेल्यावर कोसळायचं. ज्या बाईने आयुष्यात कधी खोटं तिकीट फाडलं नाही, तिच्यावर ती हा आळ घेत होती आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. आलेख तिच्याकडे होता ना.

शुक्रवारी मालनबाई सईला घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर केतकीने त्यांना गाठलं.

"आई, सईला दे."

"अगं, चल म्हणते ती वर. चिमण्या बघायच्या असतात आमच्या ठमाबाईला."

"दे म्हणते ना! तू... तू तिला घेऊन जिना चढू नकोस. उचलूच नकोस आता."

मालनबाईंनी सईला तिच्या हातात दिलं. सई आजीकडे झेपावत रडायला लागली. रिकामे झालेले हात मालनबाईंनी पदराला पुसले, कोरडेच होते तरी. मग ओल्या कपड्यांची बादली उचलून त्या वर गेल्या.

खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, "कुठं सही करायची असती ती कर जा. जिच्या हातात पोर द्यायला भ्या वाटतं, ती बाई एकटी राहिली काय आन् न राहिली काय."

"आई, माझ्याकडे ये ना राहायला. निशांतपण म्हणतोय."

"जावयाच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईन. मरायला न्हाय यायची. तुमचं ते आधार-निवास हाय न्हवं ओगलेवाडीला? तिथं जाते."

सोमवारी केतकीने दाखला रद्द करायला संमती म्हणून बाबरांच्या टॅब्लेटवर बोटाने सही केली. मालनबाईंनी एक पिशवी घेतली, गॅसची कळ स्वतः बंद केली. घंटा तेवढी दाराशीच राहिली. घेतली नाही, की विसरल्या, ते केतकीने विचारलं नाही.

*

सई नऊ दिवस रडत होती. दहाव्या दिवशी निशांत म्हणाला, "ती घंटा तरी घेऊन ये गं. आजी नाही तर आजीची घंटा."

सईला त्याच्याजवळ ठेवून केतकी मलकापूरला आली. बंद घराला फरशीचा गार वास येत होता. सवयीने तिने दाराशी चपला काढल्या आणि बाजेखालच्या सपातांत पाय सरकवले. आत लोकरीचं अस्तर असलेल्या त्या निळ्या सपाता तिच्या पायाला आता मुरलेल्या होत्या. घंटा काढायला ती दाराकडे निघाली.

खिशातला फोन थरथरला. सही केल्यापासून पेटीचे निरोप जवळची नातेवाईक म्हणून तिच्याच फोनवर यायचे.

मालन खराडे घरात चालत आहेत. चालगुण चौतीस. पडण्याचा धोका. नातेवाइकाने तातडीने पाहावे.

आई पळून आली! तिथून निघून, कुणाला न सांगता, एकटीच.

"आई?"

ती स्वयंपाकघरात धावली. कुणी नव्हतं. मोरी, मागची खोली. "आई, कुठं आहेस?" हातातल्या फोनवर आकडे पळत होते. पावलं एकोणीस. पावलं चोवीस. मागच्या दारालाही आतून कडी होती. ती थांबली, कान देऊन उभी राहिली. घरात चिटपाखरू नव्हतं.

पावलं एकतीस. आकडा थांबला होता.

तिने एक पाऊल पुढे टाकलं.

बत्तीस.

मग पुन्हा एक पाऊल. तेहतीस. फोनच्या पडद्यावर दोन पावलांची चित्रं होती. उजवं हिरवं होतं. डाव्याच्या चवड्याशी लाल पट्टा उमटला होता, आणि त्याच्याखाली तीच ती रेघ, घाटातून उतरणारी.

केतकी खाली बसली. डावी सपाता काढली, अस्तर नखाने उचकटलं. आत कागदाएवढी पातळ निळी पट्टी होती. पट्टीवरचा क्रमांक आणि भिंतीवरच्या पेटीचा क्रमांक एकच होता. पेटी नुसती ऐकत होती. मोजत होत्या त्या या सपाता.

तिने आईला फोन लावला.

"बोल," पलीकडून तुटक आवाज आला.

"आई, या निळ्या सपाता कुठून आल्या?"

"सपाता? त्या डबड्याबरोबर आलेल्या. बसवणारा पोरगा म्हणाला, पायात असू द्यात, पडून राहू देऊ नका. मला म्हातारीला कशाला लोकरीच्या सपाता? तू आतल्या खोलीत ओली बाळंतीण, दहा दिवस झालेले, फेब्रुवारीची थंडी. फरशीचा गारवा पायातून चढतो बाळंतिणीला. म्हणून तुझ्या पायात घातल्या. का गं? फाटल्या काय?"

"तू कधीच नाही घातल्यास?"

"एक दिवस न्हाय. मी कधी पायात घालते का काय?"

पंधरा दिवस त्या पट्टीने जी चाल ओळखीची करून घेतली ती तिची होती. सत्तर वर्षांची बाई समजून यंत्राने तिला एक्याण्णव गुण दिले होते. सहानंतर अंथरुणाला खिळलेल्या होत्या त्या बाजेखालच्या रिकाम्या सपाता.

"आई, तो अडतीस... तो माझा आहे."

पलीकडे दूर कुठेतरी कुणी थाळ्या लावत होतं.

"डावा पाय," मालनबाई हळूच म्हणाल्या. "तरीच ते फराफरा. मी रोज ऐकत होते गं. रोज ऐकत होते, आन् तुलाच बोल लावत होते." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा झाला. "केतकी! भिंतीला टेकून बस. उठू नकोस. सई कुठाय?"

"निशांतजवळ."

"तिला उचलू नकोस. मी येईपर्यंत पोरीला उचलायचं न्हाय, ऐकलंस?"

केतकीने फोन छातीशी धरला, आणि मग तिला रडू फुटलं.

पाऊण तासाने दारात सावली पडली. आधार-निवासाच्या फाटकावर पास मागितला, तर पास तुमच्याजवळच ठेवा म्हणून मालनबाई निघाल्या होत्या. बस खच्चून भरलेली. ओगलेवाडीपासून इथवर त्या उभ्याने आल्या होत्या. गडबडीत पायात चपलासुद्धा नव्हत्या.

*

तिसऱ्या दिवशी डॉक्टर नाझनीन मुल्लांनी फोटो दिव्यावर लावला. पाठीच्या मधोमध, मणक्याच्या पोकळीत, करवंदाएवढी गाठ होती. मज्जारज्जूला तिने एका बाजूला दाबून फितीसारखं चपटं केलं होतं.

"कर्करोग नाही, बहुधा," डॉक्टर म्हणाल्या. "अशा गाठी वर्षानुवर्षं गप्प बसतात. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी कधीकधी त्यांना उचल मिळते. काढायला हवी, याच आठवड्यात. अजून दोन-तीन महिने गेले असते, तर पायातली ताकद परत आली असती असं मी छातीठोक म्हटलं नसतं."

"आणि आता?" निशांतने विचारलं.

"आता चांगली आशा आहे. शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही." त्या पुन्हा आलेखाकडे वळल्या. त्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. "दहा महिन्यांची रोजची नोंद! चौतीस वर्षांच्या बाईची. अशी नोंद माझ्यापुढे कधी येतच नाही. तरुण बाईची चाल कोण मोजतंय? तुमच्या वयाची आई माझ्याकडे येते तेव्हा तिला आधी चार ठिकाणी सांगितलेलं असतं, झोप घ्या, कॅल्शियम घ्या. ती येते तेव्हा बहुतेक वेळा चाकाच्या खुर्चीतून येते."

केतकीने मागे पाहिलं. कोपऱ्यात आई सईला खांद्यावर घेऊन उभी होती. बसायला खुर्ची होती, तरी उभी. जिन्यावर बादली उचलून वर गेलेली आई तिला आठवली. तिने माझ्या पायांवर पांघरूण घातलं, आणि त्याच पायांची साक्ष काढून मी तिला घराबाहेर काढलं.

"आई, मी सही केली गं," ती म्हणाली.

"केलीस तर केलीस. बोटानं केलेली सही ती, पुसता येती." मालनबाईंनी सईचं नाक पुसलं. "आता इथं कर. ऑपरेशनच्या कागदावर."

*

ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात बाबर मलकापूरला आले. हातात नवा दाखला आणि नवी पट्टी. घर पुन्हा उघडलेलं होतं. चुलीवर आमटी उकळत होती. ओसरीच्या टोकाला वॉकर धरून केतकी उभी होती आणि तिच्या शेजारी भिंतीचा आधार घेऊन सई.

"मावशी, चूक झाली आमच्याकडून," बाबर म्हणाले. त्यांना मान वर करवत नव्हती. "सपाता कुणाच्या पायात आहेत, हे बघायला आमच्यातलं कुणी कधी खाली वाकलंच नाही. नोंद दुरुस्त केलीय. तेवढं एक विचारायचं राहिलं. एकट्याच राहता ना?"

"न्हाय. सध्या दोन पडणाऱ्या हाईत घरात. त्यांना सोडून एकटी कुठनं राहू?"

"मग दाखला..."

"ठेवा तिथं खिडकीत. लागंल तवा घेईन. आन् ती पट्टी तुमच्याच खिशात ठेवा. चहा प्या."

केतकीने सवयीने बाजेखाली पाहिलं.

"सपाता नकोत," मालनबाई म्हणाल्या. "आता फरशी पायाला कळू दे."

गार फरशी उजव्या तळव्याला लगेच कळली. डाव्याला उशिरा, जाड गोधडीतून कळावी तशी, पण कळली. केतकीने दात आवळले. सकाळपासून डावा चवडा उचललाच गेला नव्हता. तिने वर पाहिलं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आई घंटेची दोरी धरून उभी होती. पाठ ताठ, हनुवटी वर, जणू घाट सुरू व्हायचा होता आणि सगळी गाडी तिच्या जिवावर होती.

"चला," मालनबाई म्हणाल्या. "पुढं सरका."

टिंग टिंग.

सईने भिंत सोडली आणि दोन पावलांतच ढुंगणावर आपटली. केतकीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डावा चवडा फरशीवरून उचलला गेला. किती, ते मोजायला पायात काही नव्हतं. बाबरांच्या हातातला कप तसाच राहिला होता.

मालनबाईंनी पुन्हा दोनदा दोरी ओढली.